दुरुस्तीचा रकाना

धाकटा : दाजी, ही अळिंबी पिकवायची खोली आहे की राजवाडा? चौदा पानं?

दाजी : पंधरा. एक मागे चिकटलंय. हळूच सोडव, फाडशील.

धाकटा : बारा बाय दहाच्या तळघराला पंधरा पानं! माझ्या आख्ख्या घराचा नकाशा गवंड्यानं काडेपेटीच्या पाठीवर काढला होता. घर उभं आहे अजून.

दाजी : उभं आहे, पण दार लावताना उचलून धरावं लागतं.

ताई : लागलात? मी चहा घेऊन तळघरात उतरेपर्यंत तुमची दोघांची जुंपलीसुद्धा.

धाकटा : ताई, तुझ्या नवऱ्याला निवृत्त होऊन किती दिवस झाले गं?

ताई : सात महिने. मला सात वर्षं वाटतात. पहिल्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर दिले. दुसऱ्या महिन्यात नंबरांची यादी भिंतीला लावली. आता मीठ हवं असलं की मी आधी यादी बघते, मग तेवीस नंबरचा डबा काढते, आणि त्यात साखर निघते.

दाजी : कारण तू डबे जागेवर ठेवत नाहीस.

ताई : तेहतीस वर्षं यादीशिवाय सापडत होतं हो मीठ.

दाजी : ते राहू दे. मेव्हणेबुवा, पान एकपासून बघा. हे मुखपृष्ठ. खाली कोपऱ्यात नाव, तारीख, काढणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही, मंजूर करणाऱ्याची सही.

धाकटा : काढणारे तुम्ही. तपासणारा कोण?

दाजी : मीच.

धाकटा : आणि मंजूर करणारा?

दाजी : मीच. घरात दुसरं आहे कोण?

ताई : मी होते वाटतं.

दाजी : अगं, तुला नकाशातलं काय कळतं!

ताई : तेही खरंच. घ्या, चहा घ्या. कप नकाशावर ठेवू नकोस रे, कपाला नंबर नाहीये.

धाकटा : आणि दाजी, हा शेवटचा रकाना? हा रिकामा का?

दाजी : दुरुस्तीचा. कोणी चूक दाखवली तर तिथे चूक, तारीख आणि दाखवणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. माझा छत्तीस वर्षं रिकामाच राहिला. कारखान्यात कोणालाही विचार.

धाकटा : कोणाला विचारू? मला तिथून काढून अकरा वर्षं झाली.

ताई : चहा निवतोय.

दाजी : पान तीन बघ. भिंती. पांढऱ्या चुन्याच्या फळ्या, त्यावर गुळगुळीत रंग. दवाखान्यासारखी खोली दिसेल.

धाकटा : दिसेल. दीड महिना. अळिंबीला हवा ओली लागते ना? दिवसातून तीनदा पाणी फवारणार ना तुम्ही? मग या फळ्या पाणी पिऊन फुगतील, आणि अळिंबी पिशवीत उगवायची सोडून भिंतीवर उगवेल. तेही एक बरंच म्हणा, तोडायला वाकायला नको.

दाजी : मग काय लावू?

धाकटा : प्लास्टिकचे पत्रे. पुसले की कोरडे. आणि पान चारवर ही जमीन... दाजी, ही तुम्ही सपाट काढलीत.

दाजी : अगदी सपाट. पाणसळ लावून बघितलंय. एका केसाचा फरक नाही.

धाकटा : म्हणजे फवारलेलं पाणी खाली पडलं की चारी दिशांना बघत बसणार, जावं तरी कुठे. उतार, दाजी, उतार! मोरीकडे दोन बोटं उतार द्या. जगात पाणी एकच गोष्ट शिकलंय, खाली जायला. तेवढंही करू देत नाही तुम्ही त्याला.

दाजी : उतार दिला तर मांडणी डुगडुगेल.

धाकटा : मांडणीच्या दोन पायांखाली पाचर मारा. पाचर नकाशात बसत नाही का?

ताई : पाचर मारणं यांना चांगलं जमतं, फक्त लाकडाची नव्हे.

दाजी : तू कोणाच्या बाजूनं आहेस?

ताई : मी मोरीच्या बाजूनं. पुसायची मला आहे.

धाकटा : पण मला एक सांगा दाजी, हे अळिंबीचं खूळ डोक्यात आलं कुठून? तुम्हाला तर अंगणातली तुळससुद्धा—

ताई : तुळस नाही, कुंडीतली कोरफड. न मरणारं झाड होतं ते. यांनी त्याला वेळापत्रक लावलं, तेव्हा मेलं.

दाजी : कल्पना माझी आहे. अळिंबीला ऊन लागत नाही, माती लागत नाही. भुशाच्या पिशव्या भरायच्या, टांगायच्या, ओलावा आणि ताजी हवा द्यायची. सगळं मोजून मापून. हे शेतीचं काम नाही, हे आरेखनाचं काम आहे. मी रिकामा बसणारा माणूस नाही.

ताई : हो, कल्पना यांचीच.

धाकटा : आणि करून बघितलीत का एखादी पिशवी?

दाजी : बघितली. जिन्याखाली आहे. पण बियाणं वाईट निघालं. दुकानदारानं फसवलं. मी त्याला पत्र लिहिलंय, दोन पानी.

धाकटा : बघू. ... अरे देवा. ताई, हे बघितलंस? हा हा हा! मान वीतभर आणि डोकं शेंगदाण्याएवढं! दाजी, ही अळिंबी नाही, ही तुमच्या कचेरीतली माणसं आहेत. सगळी मान वर काढून साहेब आला का बघतायत.

दाजी : म्हटलं ना, बियाणं.

धाकटा : बियाण्याला काय झालंय! मी तुमच्यासारखा शिकलेला नाही, पण माझ्या गिऱ्हाइकांपैकी एक बाई अळिंबी करते. तिच्या खोलीत हवेची पत्र्याची नळी मीच बसवली. तिनं सांगितलं, कोंडलेल्या हवेत अळिंबी अशीच मान काढते. जीव गुदमरतो म्हणून ताजी हवा शोधत वर वर जाते, आणि डोक्याला काही उरतच नाही. जिन्याखाली हवा कोंडली, त्यात दुकानदाराचा काय दोष? नाचता येईना, अंगण वाकडं.

दाजी : म्हणून तर पान सात आहे! वायुवीजन. सगळं रामायण त्यासाठीच तर आहे. ते बघ आणि मग बोल.

धाकटा : बघतो. हा पंखा, हवा बाहेर फेकणारा. ही नळी. ही जाळी, इथून ताजी हवा आत. बरं. आणि हे बाहेर...

दाजी : कसं आहे?

धाकटा : दाजी, ही दोन्ही एकाच भिंतीत आहेत.

दाजी : हो. बागेकडच्या.

धाकटा : शेजारी शेजारी.

दाजी : एक फुटाचं अंतर आहे. मापानं.

धाकटा : शेजारी शेजारी का?

दाजी : देखणं दिसतं. दोन सारख्या चौकटी, एका रेषेत. एक इकडे एक तिकडे केलं तर घर काणं दिसतं. आणि रस्त्याकडच्या भिंतीला भोक पाडलं तर लोक काय म्हणतील?

धाकटा : म्हणजे पंखा घाण हवा इथून बाहेर फेकणार, आणि ती फूटभर सरकून या जाळीतून परत आत येणार. खोलीत एक फेरी मारायलासुद्धा लागणार नाही. नकाशात तुम्ही वाऱ्याला बाण काढलेत, त्यानं तुमच्या बाणाचं ऐकायचं, असंच ना?

दाजी : बाहेर मोकळी जागा आहे. पातळ होते हवा.

धाकटा : वर कुठली खिडकी आहे? ताई, बागेकडे वर काय आहे?

ताई : माझं स्वयंपाकघर.

धाकटा : उत्तम. अळिंबीची पिठासारखी बारीक पूड उडते, ती ताईच्या छातीत. यंदा खोकल्यानं दोन महिने झोपली नव्हतीस ना तू?

दाजी : हे बघ, तू पत्रा काप. नकाशा माझ्यावर सोड.

ताई : अहो.

दाजी : काय?

ताई : काही नाही. तुम्ही काय बोललात ते तुमच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

धाकटा : माझ्या आलं, ताई. अक्षरशः तेच. शब्दसुद्धा इकडचा तिकडे नाही. "नकाशात आहे तसं बसव. तू पत्रा काप, नकाशा माझ्यावर सोड." कारखान्यात, रंगखात्याच्या छपरावर, जेवणाच्या सुट्टीत. तेव्हाही हेच होतं ना दाजी? धूर बाहेर फेकणारी नळी आणि ताजी हवा आत घेणारी नळी, शेजारी शेजारी, एका रेषेत. देखणी!

दाजी : ती गोष्ट आता कशाला? झालं गेलं.

धाकटा : तुमचं झालं, माझं गेलं. नळ्या बसवल्यापासून बाराव्या दिवशी रंगाच्या वाफा सगळ्या परत आत. कपाटं रंगवणारी सहा माणसं पटापट आडवी झाली. पाच उठून कामाला लागली. सहावा माझा दोस्त, रंगारी. त्याला अजून वास येत नाही. परवा दूध करपून कोळसा झालं, घरभर धूर, आणि हा पेपर वाचत बसलाय. शेजारीण धावत आली म्हणून वाचला.

दाजी : मला वाईट वाटत नाही असं वाटतं का तुला?

धाकटा : वाटत असेल. ठराविक वेळी, यादीप्रमाणे. एका डब्यात जेवायचो आम्ही, मी आणि रंगारी. आता मला बघितलं की रस्ता ओलांडतो. का? तर पत्रेवाल्यानं नळी चुकीची बसवली, आणि दिसत असूनही कोणाला सांगितलं नाही. चौकशीच्या कागदावर तसं छापलंय. मी सांगितलं होतं, दाजी! तुम्हाला!

दाजी : चौकशीत मला जे विचारलं त्याचं उत्तर मी दिलं.

धाकटा : "तुम्हाला कोणी लक्षात आणून दिलं होतं का?" आणि तुम्ही म्हणालात, नाही.

दाजी : मला... आठवत नव्हतं. दिवसाला पन्नास माणसं येऊन काहीबाही सांगायची. लेखी दिलं होतंस का तू?

धाकटा : लेखी! छपरावर उभा होतो मी, हातात कातर. तुमच्या कामाच्या नकाशावरच लाल पेन्सिलीनं फुली मारून दिली, आणि बाण काढला की ही नळी पलीकडच्या भिंतीत घ्या म्हणून. तो नकाशा चौकशीत मागितला तर तुम्ही म्हणालात, गहाळ झाला. तुमच्या हातून! मिठाच्या डब्याला नंबर देणाऱ्या माणसाच्या हातून आख्खा नकाशा गहाळ!

दाजी : गहाळ होतात कागद.

धाकटा : ताई, मी जातो. माझ्यानं हे काम होणार नाही. दुसरा पत्रेवाला बघ, यांच्या सहीनं काम करणारा.

ताई : बस.

धाकटा : नाही गं.

ताई : बस म्हटलं ना. मोठी आहे मी तुझ्याहून. अकरा वर्षं या घरात बाहेरच्या खोलीत चहा पिऊन जातोस, चप्पलसुद्धा नीट काढत नाहीस. आज पहिल्यांदा आत, खाली, इतक्या लांब आलायस. माप घेतल्याशिवाय जायचं नाही.

धाकटा : कशाचं माप? त्या जुळ्या भोकांचं?

ताई : तुला हवं तिथे भोक पाड. मी मंजूर केलं. घरात मीही आहे.

दाजी : अगं पण नकाशा—

ताई : तुम्ही जरा थांबा. तुला वळणाच्या नळीसाठी कागदाचा साचा कापावा लागतो ना? नकाशा बघून पत्रा कापत नाहीस तू, मला माहितीये. लहानपणी माझ्या वह्यांचे पुठ्ठे फाडून कापायचास.

धाकटा : जाड कागद लागेल. मोठा.

ताई : आहे. या ट्रंकेच्या तळाशी एक गुंडाळी आहे जुन्या कागदाची. दोरी बांधलेली. हा घे.

दाजी : तो नको.

ताई : का हो?

दाजी : तो... तो जुना आहे. फाटेल. मी वरून नवा आणून देतो. मेव्हणेबुवा, द्या इकडे तो.

धाकटा : साच्याला जुनाच बरा, दाजी, वळतो चांगला. दोरीची गाठ मात्र झकास मारलीय. तुमचीच ना? कुठेही गेलं तरी तुमची गाठ ओळखू येते.

(गुंडाळी जमिनीवर उलगडते.)

धाकटा : लाल फुली.

ताई : हं.

धाकटा : हा माझा अंगठा. ग्रीसचा. बघ, कापलेली खूणसुद्धा उठलीय. आणि हा बाण. पलीकडच्या भिंतीकडे.

दाजी : हे बघ, मी काय म्हणतो—

धाकटा : थांबा दाजी, खाली काहीतरी लिहिलंय. तुमचं अक्षर. मोत्यासारखं. "पत्रेवाल्याची तोंडी सूचना मिळाली. विचार केला. बदल आवश्यक नाही." खाली सही. खाली तारीख. वेळसुद्धा घातलीय, ताई! एक वाजून दहा मिनिटं!

ताई : यांना तारीख घातल्याशिवाय शिंकसुद्धा येत नाही.

धाकटा : जेवणाची सुट्टी एकला असायची. मी वर जाऊन सांगितलं, खाली उतरून डबा उघडला, तोवर तुम्ही लिहूनही टाकलं! आणि महिन्यानं आठवलं नाही!

दाजी : लिहायची सवय आहे. हातच लिहितो.

धाकटा : आणि तोंड दुसरंच बोलतं.

दाजी : तुला कळणार नाही. त्या महिन्यात मुख्य आरेखकाची जागा निघाली होती. मोठे साहेब म्हणाले, तुमच्या नकाशात आजवर दुरुस्ती नाही, जागा तुमचीच. आणि वर हे झालं. मी हो म्हटलं असतं तर आपण दोघंही घरी बसलो असतो. एकाच घरातली दोन माणसं. एकाची तरी नोकरी राहायला हवी होती.

धाकटा : राहिली की. एकाची.

दाजी : तुझ्या हातात कला होती. तू कुठेही पोट भरलं असतंस. मी काय करणार होतो? मला रेघा मारण्यापलीकडे काय येतं?

धाकटा : हे मात्र खरं बोललात. अकरा वर्षांत पहिलं.

ताई : आणि जाळला का नाहीत हो हा कागद?

दाजी : नकाशा जाळत नाहीत.

धाकटा : बरोबर. नकाशा जाळवत नाही. मेव्हणा जाळला तर चालतो, त्याची गुंडाळी करायला नको. सुंभ जळेल, दाजी, तुमचा पीळ नाही जायचा.

दाजी : अनेकदा काढला होता ट्रंकेतून. एकदा चुलीपर्यंत नेला. परत बांधून ठेवला.

धाकटा : ताई, तू कधी बघितलास हा?

ताई : दीड महिन्यापूर्वी. ट्रंकेतली जुनी पांघरुणं उन्हात घालायला काढली, तेव्हा.

धाकटा : दीड महिना! आणि अळिंबी?

ताई : अळिंबी चाळीस दिवसांपूर्वी.

दाजी : म्हणजे? अळिंबीची कल्पना माझी आहे.

ताई : हो हो, तुमचीच. "तळघरात ऊन नाही, माती नाही, तिथे काय होणार," असं मी चार वेळा तुमच्या कानाशी म्हटलं. तुम्हाला कोणी "होणार नाही" म्हटलं की कल्पना तुमची होते. मग त्या अळिंबीवाल्या बाईंचं नाव काढलं. मग म्हटलं, हवेच्या नळीला पत्रेवाला लागेल, पण तुमचं नि त्याचं कुठे जमतं, राहू दे. दुसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणालात, बोलाव त्याला, नकाशा कसा असतो ते दाखवतो. मला नकाशातलं काही कळत नाही, पण माणसं थोडी कळतात.

दाजी : तू सरळ मला विचारायचंस.

ताई : विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. एकदा म्हणून झालंय, सवय आहे. आणि कान सोनारानंच टोचावे. माझ्या हातचं टोचलेलं तुम्हाला टोचत नाही.

धाकटा : ताई, रडतेस काय?

ताई : रडू नको तर काय करू? यांनी चौकशीत सांगितलं, ते मीही खरं मानलं. माझा नवरा नकाशात चुकत नाही, म्हणजे माझा भाऊच चुकला असणार. तुझ्या तोंडावर म्हणाले होते मी, "कामात जरा लक्ष घालत जा." तू काही बोलला नाहीस. मान खाली घालून गेलास. मला लाज वाटते रे. दीड महिना रोज हा कागद बघते आणि लाज वाटते.

धाकटा : तेव्हा बोललो असतो तर तुझ्या घरात आग लागली असती.

ताई : लागू द्यायची होतीस.

दाजी : मी... हे बघ. तू सांगितलं होतंस.

धाकटा : काय?

दाजी : तू सांगितलं होतंस. मला. आता आणखी काय हवंय? पाया पडू?

धाकटा : तुमचे गुडघे वाजतील. नको. हा कागद आहे ना, याच्या कोपऱ्यात तो रकाना आहे बघा. दुरुस्तीचा. कोरा करकरीत. तो भरा.

दाजी : ते रंगखातं बंद पडून चार वर्षं झाली! त्या भिंतीसुद्धा पाडल्या. आता हा रकाना भरून कोणाला दाखवणार तू?

धाकटा : ते मी बघतो. पेन आहे ना खिशाला? असणारच. तिन्ही रंगांचं. लिहा. चूक काय, तारीख काय, दाखवणारा कोण.

दाजी : तारीख आजची घालू की तेव्हाची?

ताई : बघा! यांना अजून तारखेचीच पडलीय.

धाकटा : दोन्ही घाला, दाजी. सांगितलं ती आणि ऐकलं ती. मधलं अंतर बघणाऱ्याला मोजू दे.

दाजी : ... "हवा घेण्याची नळी विरुद्ध भिंतीत हवी. दाखवणारा..." नाव लिहू की हुद्दा?

धाकटा : चौकशीच्या कागदावर काय होतं?

दाजी : नाव. संपूर्ण.

धाकटा : मग इथेही संपूर्ण. बापाच्या नावासकट.

दाजी : लिहिलं. सही केली. आणि थांब, "गहाळ" म्हटलं होतं त्याचंही लिहितो. "हा नकाशा गहाळ झाला नव्हता. माझ्याकडे होता." हे घे. वाळू दे शाई, लगेच गुंडाळू नकोस.

ताई : अक्षर वाकडं आलं तुमचं.

दाजी : थंडी आहे तळघरात.

ताई : असेल.

धाकटा : आणि या दुसऱ्या, अळिंबीच्या नकाशावरही लिहा. पान सात. जाळी रस्त्याकडच्या भिंतीत, खाली. पंखा मागच्या बोळाकडच्या भिंतीत, वर. मधे सगळी खोली. बागेकडे काही नाही. ताईची खिडकी मोकळी. लोक काय म्हणतील ते म्हणू देत, श्वास तरी घेतील.

दाजी : घर काणं दिसेल.

धाकटा : दिसू दे. डोळे मिटलेल्या घरापेक्षा काणं बरं.

दाजी : हं. पान सात, दुरुस्ती क्रमांक एक. लिहितो. साचा कधी कापतोस?

धाकटा : उद्या. सकाळी येतो कातर घेऊन. आज मला एके ठिकाणी जायचंय.

ताई : आत्ता? कुठे? दुसरा चहा टाकते.

धाकटा : रंगाऱ्याकडे. पाच वाजता तो पारावर येऊन बसतो. मला बघितलं की उठतो. आज उठायच्या आत हा कागद त्याच्या मांडीवर ठेवतो.

ताई : आणि नाही बघितला त्यानं तर?

धाकटा : तर उद्या परत ठेवतो. अकरा वर्षं थांबलोय, एका दिवसानं काय बिघडतंय.

दाजी : मी येऊ का?

धाकटा : तुम्ही कशाला?

दाजी : तांत्रिक आहे जरा. फुली कशाची, बाण कशाचा... त्याला नकाशा समजावून सांगायला कोणीतरी लागेल.

धाकटा : त्याचं नाक गेलंय, दाजी. डोळे शाबूत आहेत.

दाजी : तसं नव्हे. मला... मला त्याच्यासमोर उभं राहायचंय एकदा.

ताई : जाऊ दे ना रे त्यांना.

धाकटा : मी कुठे अडवतोय? चपला घाला, दाजी. फक्त एक अट. तिथे गेल्यावर तोंड तुम्ही उघडायचं. माझं एकदा सांगून झालंय.